तीन लाखांचे बंगळूर

मल्लेश्वरम् भागात बिऱ्हाड केलेल्या मराठी मंडळींना काडु मल्लेश्वराचे देऊळ ठाऊक असतेच. कन्नडात काडु म्हणजे रान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या बाजूला वस्ती झाली, तोवर हे देऊळ खरोखरच रानात होते. तेथील १६६९ सालच्या शिलालेखात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला लावून दिल्याची नोंद आहे. आपल्यापैकी कोणी बदलीवर बंगळुरास आला की पहिल्या सहा महिन्यांत त्याला ही हकिकत कळते; तो अभिमानाने देवदर्शन करून येतो आणि पुढे घरी पाहुणे आले की त्यांनाही घेऊन जातो. मात्र गाव देवाला दिल्यानंतर अठरा वर्षांच्या आत भोसल्यांनी उरलेले सारे बंगळूर तीन लाख रुपयांना विकावयास काढले होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मीही पाहुण्यांना ती सांगत नसे.

ती नव्याने आठवावयास कारण घडले ते घरगुती आहे. गेल्या महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून चुलतभावाचे जाडजूड पाकीट आले. आत मुखत्यारपत्राचा मसुदा, सातबाराचा उतारा आणि चार ओळींची चिठ्ठी. "दादा, गिऱ्हाईक खरे आहे, रोख देतो. बाकी सर्वांच्या सह्या झाल्या. तुझी तेवढी राहिली आहे." जमीन पावणेचार एकर, जिराईत, वाटेकरी सात. त्या जमिनीवर मी आयुष्यात चार वेळा उभा राहिलो असेन, त्यातही दोनदा लग्नकार्याच्या धावपळीत. कचेरीत ही गोष्ट निघताच प्रत्येकाने आपापले मत दिले. एक म्हणाले, वाडवडिलांची माती विकू नये. दुसऱ्यांनी विचारले, पेन्शनीत गेल्यावर नांगर धरणार आहात काय? दोन्ही मते देणाऱ्यांच्या जमिनी पूर्वीच गेल्या होत्या, हे नंतर कळले. मी पदवीला इतिहास घेतला होता. त्याचा आजवर खात्याच्या परीक्षांखेरीज कशालाच उपयोग झाला नव्हता. म्हटले, निदान या प्रकरणी होतो का पाहावा.

बंगळूर भोसल्यांकडे आले ते विकत घेऊन नव्हे. १६३८ साली विजापूरच्या आदिलशाहीने रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजांना कर्नाटकाच्या स्वारीवर पाठविले. १५३७ मध्ये पहिल्या केंपेगौडाने हे शहर वसविले होते. त्याच्या वंशजाला ते सोडून मागडीस जावे लागले आणि बंगळूर, कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा मुलूख जहागीर म्हणून शहाजीराजांच्या हाती आला. तेव्हा वडिलार्जित म्हणून ज्याविषयी आपण उमाळ्याने बोलतो, ते दुसऱ्या कोणाचे तरी वडिलार्जित होतेच. मागडीच्या गौडांचे राज्य पुढे १७२८ पर्यंत टिकले. त्या नव्वद वर्षांत त्यांच्या घरी बंगळूरचे नाव कसे घेतले जात असेल, याचा विचार आपण मराठी माणसे क्वचितच करतो.

शहाजीराजांनी मात्र हे ठिकाण परके मानले नाही. पुण्याची जहागीर जिजाबाई आणि बाल शिवाजी यांच्याकडे, दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली राहिली; स्वतः राजांनी संसार आणि दरबार मांडला तो येथे. जयराम पिंड्ये या कवीने राधामाधवविलासचंपूत त्या दरबाराचे जे चित्र काढले आहे, ते वाचताना आजच्या बंगळूरची आठवण होते. नाना प्रांतांचे, नाना भाषांचे कवी तेथे जमत आणि आपापल्या भाषेत राजांची स्तुती गात. स्वतः जयराम अनेक भाषांत कवित्व करी. हा ग्रंथ राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केला नसता, तर शहाजीराजांचे बंगळूर म्हणजे फौजांच्या मुक्कामाची एक जागा, एवढेच आपल्याला कळले असते. शिवाजीराजेही लहानपणी काही काळ येथे वडिलांपाशी राहून गेले. पंचवीस वर्षे हे घर नांदते होते. कारभारी नारोपंत हणमंते होते. दप्तर त्यांच्या हाती, आणि दप्तराबरोबर घरातली सारी गुपितेही.

१६६४ च्या जानेवारीत शिकारीत घोड्यावरून पडून होदिगेरे येथे शहाजीराजांचा अंत झाला. थोरले पुत्र संभाजी त्यापूर्वीच कनकगिरीच्या वेढ्यात पडले होते. शिवाजीराजे सह्याद्रीत आपल्या उद्योगात गढलेले. राहता राहिले तुकाबाईंचे पुत्र एकोजी, ज्यांना आपण व्यंकोजी म्हणून ओळखतो. जहागीर त्यांच्याकडे चालू राहिली, आणि काडु मल्लेश्वराचा शिलालेख याच काळातला. पुढे १६७५ च्या सुमारास विजापूरकरांच्या हुकुमाने ते तंजावरच्या नायकांच्या भांडणात उतरले, आणि भांडण मिटवावयास गेलेला माणूस तेथला धनी होऊन बसला. तंजावर म्हणजे कावेरीचा सुपीक, पाण्याने भरलेला प्रदेश. भात पिकवणारी काळी लक्ष्मी. त्यापुढे बंगळूरची नाचणीची माळराने ती काय! एकोजीराजांनी बिऱ्हाड तिकडे हलविले. तेथपासून बंगळूर हे त्यांचे गाव उरले नाही, 'गावाकडची जमीन' झाले. आपल्यासारख्या बदलीवाल्यांना या दोहोंतला फरक सांगावयास नको.

दूरच्या जमिनीला पहिली आठवण येते ती भाऊबंदांची. १६७७ साली शिवछत्रपती कर्नाटकात उतरले. जिंजी घेतली, आणि कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमलवाडीस धाकट्या भावाची भेट घेतली. मागणे सरळ होते: वडिलांच्या मिळकतीचा अर्धा वाटा. महाराजांच्या पत्रातला आशय असा की, वडील जाऊन तेरा वर्षे झाली, तितकी वर्षे तुम्ही सारे एकट्यानेच खाल्ले. राज्याभिषेक झालेल्या छत्रपतींना त्या मुलुखाच्या उत्पन्नाची वाण होती असे नव्हे, परंतु हक्क हा हक्क. त्यांच्या सोबत कोण होते? नारोपंतांचे चिरंजीव रघुनाथपंत हणमंते! ते एकोजीराजांचे कारभारी होते, बिनसल्यामुळे नोकरी सोडून थोरल्या भावाला जाऊन मिळाले होते. ज्याच्या हाती घरचे दप्तर, त्याच्यावर रुसणे परवडत नाही, हे एकोजीराजांना उशिरा कळले असावे. ते रात्रीतून नदी ओलांडून तंजावरास निघून गेले. महाराजांनी नदीच्या अलीकडचा मुलूख ताब्यात घेतला. पुढे वाळिगोंडपुरमजवळ दोघा भावांच्या फौजा लढल्याही. अखेर एकोजीराजांची राणी दीपाबाई यांच्या शहाणपणाने समेट झाला. या तहाची एकोणीस कलमे परंपरेने सांगितली जातात. त्यांत बंगळूर आणि आसपासचा मुलूख महाराजांनी भावजयीला चोळीबांगडीसाठी वंशपरंपरेने दिल्याचे कलम आहे. हे कलम शब्दशः खरे धरले, तर पुढे विकावयास निघालेली मिळकत राजाची नव्हती, राणीची होती. अशा घरगुती दानाची दखल खरेदीदार कितपत घेतो, हे सांगणे न लगे.

येथे एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. जहागीर म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. जमीन कसणाऱ्याची वहिवाट कसणाऱ्याकडेच राहते. जहागीरदाराला मिळतो तो वसुलाचा हक्क, आणि त्याच्या बदल्यात चाकरी. हा हक्क ज्याने सनद दिली त्याच्या जिवावर उभा असतो. बंगळूरच्या सनदेमागे विजापूर होते. १६८६ च्या सप्टेंबरात औरंगजेबाने विजापूर घेतले आणि आदिलशाही संपली. सनद देणारा उरला नाही. सनद मात्र तंजावरच्या पेटीत राहिली. उत्तरेकडून मोगल, पश्चिमेकडून म्हैसूर, पूर्वेस जिंजीला संभाजीराजांच्या वतीने हरजीराजे महाडिक. अशा तिठ्यावरचे ठाणे तंजावरहून राखावयाचे, तर शिबंदीचा खर्च वसुलाहून अधिक.

म्हणून विक्री. म्हैसूरचे रेसिडेंट मार्क विल्क्स यांनी १८१० पासून प्रसिद्ध केलेल्या दक्षिणेच्या इतिहासात ही हकिकत येते, आणि पुढच्या बहुतेकांनी त्यावरच भिस्त ठेवली आहे. तंजावरने बंगळूर तीन लाखांना देऊ केले. घ्यावयास तयार झाले म्हैसूरचे चिक्कदेवराज वडेयर. गिऱ्हाईक कोण निघाले पाहा! ज्याचा बांध आपल्या बांधाला लागून आहे तो. चिक्कदेवराज हिशेबी आणि काटकसरी राजे म्हणून प्रसिद्ध होते. लढून घ्यावयाचे ते मोजून मिळत असेल तर मोजावे, हा विचार त्यांच्या स्वभावाला धरूनच होता.

विकणारे कोण, हा प्रश्न मात्र मला अधिक गुंतवून ठेवतो. विल्क्स एकोजीचे नाव घेतात. परंतु तंजावरच्या राजांचा जो कालक्रम सामान्यतः मानला जातो, त्यात १६८४ पासून गादीवर एकोजीराजांचे पुत्र आहेत. त्यांचे नाव शहाजी, आजोबांचेच ठेवलेले. हा कालक्रम खरा असेल तर सौदा ठरला तेव्हा धनी तिसऱ्या पिढीचा होता. पहिल्या शहाजीने तलवारीने मिळविले, दुसऱ्या पिढीने भावाशी भांडून राखले, आणि तिसऱ्या पिढीतल्या, तंजावरात राज्य करणाऱ्या, संगीत नाटकांत रमणाऱ्या शहाजीने ते विकावयास काढले. या राजाला मी दोष देत नाही. त्याने तेलुगूत रचना केल्या, विद्वानांना तिरुविसनल्लूर हे गाव वसवून दिले. त्याचे जीवन तिकडे होते. आजोबांची राजधानी विकली म्हणून आपल्याकडे कोणी हळहळलेच, तर त्याने स्वतःस विचारावे की आपल्या आजोबांचे घर सध्या कोणाच्या ताब्यात आहे.

चूक झाली ती विकण्यात नव्हे, वेळेत. बोलणी ठरली, पैसे पोचावयाचे होते, आणि १६८७ च्या जुलैत मोगलांचा सरदार कासिमखान बंगळुरावर चालून आला. विजापूर पडल्यावर औरंगजेबाने त्याला दक्षिणेकडे पाठविले होते. जिंजीहून हरजीराजांनी फौज धाडली होती, चिक्कदेवराजांचे लोकही निघाले होते. सर्वांच्या आधी कासिमखान पोचला. फारसा प्रतिकार न होता किल्ल्यावर बादशाही निशाण चढले. आता खरा नवलाचा भाग. चिक्कदेवराजांनी लढाई मांडली नाही. तंजावरास द्यावयाचे ठरलेले तेच तीन लाख त्यांनी कासिमखानाला दिले आणि बंगळूर घेतले. किंमत एका रुपयाने कमी झाली नाही, अधिकही झाली नाही. घेणारा तोच, माल तोच. बदलला तो फक्त पैसे मोजून घेणारा. भोसल्यांच्या पदरात काही पडले नाही. खानाने दिले ते कायमचे की मक्त्याने, याविषयी इतिहासकारांत थोडा मतभेद आहे. परंतु वडेयरांनी ते पुन्हा परत केले नाही, एवढे खरे. कासिमखान शिऱ्याचा सुभेदार झाला, आणि १६९५ मध्ये संताजी घोरपड्यांनी दोड्डेरीच्या गढीत कोंडल्यावर तेथेच मेला. पण त्यामुळे तीन लाख काही परत आले नाहीत.

पुढे चिक्कदेवराजांनी केंपेगौडाच्या कोटाच्या दक्षिणेस दुसरा किल्ला बांधला. १७६१ मध्ये हैदरअलीने तो दगडी केला. आज कृष्णराजेंद्र मार्केटजवळ जो दरवाजा आणि बुरूज पाहावयास मिळतो, तो त्याचाच अवशेष. तेथे शहाजीराजांचे चिन्ह शोधणाऱ्यांनी व्यर्थ श्रम करू नयेत. मराठी फौजा पुन्हा बंगळूरच्या वेढ्याला आल्या त्या पेशवाईत, गोपाळराव पटवर्धनांबरोबर, आणि तेव्हा तट राखावयास समोर हैदर होता.

राजांच्या जहागिरीची ही कथा झाली. रयतेच्या जमिनीचे काय? त्याच शतकात देशावरच्या गावांत मिरासदाराची जमीन अशी सहज विकली जात नसे. विकावयाची तर पाटील, कुळकर्णी, बलुते आणि भाऊबंद यांच्यादेखत. आत्मसंतोषे लिहून देतो, असे मिरासपत्रात लिहावयाचे, मग मागे दुष्काळ असो की सावकार. बाहेरच्याला देण्यापूर्वी भावकीला विचारावे लागे. आणि सर्वांत विशेष हे की, मिरासदार परागंदा झाला तरी त्याची मिरास बुडत नसे. जमीन उपरी कसे, सारा भरला जाई. पण जमिनीला नाव चाले ते जुन्या घराण्याचेच, त्याचे थळ म्हणून. वंशच बुडाला तर ती गतकुळी म्हणवे. गेलेल्याचा मुलगा वा नातू पुष्कळ वर्षांनी परतला, देणे भागवून बसला, तर गाव त्याला मिरास परत करी. पेशवाई घेतल्यावर एल्फिन्स्टनच्या हाताखालच्या साहेबलोकांनी या प्रकारावर पाने भरभरून लिहिले आहे; त्यांना त्याचा अचंबा वाटला. गैरहजर माणसाला इतके दिवस सांभाळून घेणारी व्यवस्था पुढे आपल्याकडे झाली नाही.

१८३६ मध्ये इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची पाहणी सुरू झाली. जमिनीला नंबर आला, नंबराला खातेदार आला, आणि खातेदाराला गावाला न विचारता विकण्याची मोकळीक आली. मोकळीक सावकारालाही आली, हे १८७५ च्या १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात दिसले. लोकांनी माणसे मारली नाहीत, कागद जाळले. जमीन कशात आहे हे त्यांनी बरोबर ओळखले होते. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दक्षिणेतल्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. हा इतिहास वाचकांना विदित आहे, म्हणून येथे लांबवीत नाही.

आमच्या घरापुरते म्हणाल तर जमिनीचा मोठा भाग एका तारखेला गेला. १ एप्रिल १९५७, कृषकदिन. त्या दिवशी मुंबई कुळकायद्याने कसणारे कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले. आजोबा पोस्टात नोकरीला होते, बदल्यांमागून बदल्या चाललेल्या. आठ एकर बागाईत कुळाकडे होते. आकाराच्या वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत न्यायाधिकरण ठरवील ती किंमत, आणि तीही हप्त्यांनी. हे हप्ते मनिऑर्डरीने येत आणि पोस्टातच असलेल्या आजोबांना आपल्याच खिडकीवरून घ्यावे लागत, असे आजी हसून सांगे. आजोबा मात्र कुळाला नावे ठेवीत नसत. त्या माणसाने आणि त्याच्या बापाने ती विहीर खणली होती. आम्ही खंड घेतला होता. जेथे आपण नोकरी करतो त्या कर्नाटकातही १९७४ च्या मार्चपासून कुळांकडील जमिनी याच वाटेने गेल्या. कायदा न्याय्य होता असे माझे मत आहे, आणि घर बसले हेही खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानणे फारसे अवघड नाही.

उरली ती ही पावणेचार एकर जिराईत. ती तेव्हा चुलत आजोबा स्वतः कसत, म्हणून राहिली. आता चिठ्ठीतल्या प्रश्नाकडे यावयास हवे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. सातबारावरून माझे नाव एकदा गेले, दुसरीकडे कोठे नसले, की व्यवहारात मी शेतकरी उरलो नाही. उद्या मन झाले तरी आपल्याच गावात हातभर जमीन मला घेता येणार नाही. कर्नाटकात असे निर्बंध होते, ते २०२० मध्ये उठविले गेले. म्हणजे बंगळुरातला माझा कन्नड सहकारी सातनूरच्या बाजूला नाचणीचे रान घेऊ शकतो, आणि मी साताऱ्यात घेऊ शकत नाही. याचा राग धरावा की हसावे, हे अजून ठरलेले नाही.

पत्नीचे म्हणणे निराळे. ती म्हणते, येणारी रक्कम थोडी असली तरी येथल्या घराच्या कर्जाचा एक वर्षाचा भार हलका होईल. आणि जी जमीन मुलीला दाखविता येत नाही, ती तिच्या नावे ठेवून काय साधेल? तंजावरच्या दरबारातही असेच बोलणे झाले नसेल कशावरून. दूरच्या ठाण्याचा खर्च आणि जवळच्या घराची गरज, हिशेब तोच.

मी वारसनोंदीचे कागद नीट पाहिले. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. नोंद करण्यासाठी मी दोनदा रजा काढून गेलो होतो. पहिल्या खेपेस संबंधित माणूस सभेला गेलेला, दुसऱ्या खेपेस फेरफाराचे पुस्तक सापडेना. तिसऱ्या खेपेस गेलो नाही. तो आळस माझाच. आज उताऱ्यावर वडिलांचेच नाव आहे, माझे नाही. माझी सही मागणारा चुलतभाऊ आहे तो भला आहे म्हणून मागतो, की खरेदीदाराचा वकील मागतो म्हणून, हे चिठ्ठीवरून कळत नाही.

मागच्या रविवारी मुलीला घेऊन काडु मल्लेश्वरास गेलो. शिलालेख दाखविला. तिने विचारले, राजाने देवाला दिलेले गाव नंतर विकले का? मी म्हणालो, नाही, ते देवाचे झाले होते, बाकीचे विकले. मग तिने प्रदक्षिणेला जाण्याचा हट्ट धरला.

मुखत्यारपत्रावर सही केलेली नाही, ते फाडूनही टाकलेले नाही. चुलतभावाला उत्तर धाडले आहे. त्यात एवढेच विचारले आहे की, गाव नमुना बारामध्ये गेल्या बारा वर्षांत पिकाच्या नोंदीला कोणाचे नाव लागत आले आहे, त्याचा उतारा काढून पाठव. उत्तर अद्याप आलेले नाही.